शस्त्र, परवाना आणि नाका

वेड पांघरून पेडगावला जाणे ही म्हण आपणा सर्वांच्या तोंडी आहे. म्हणीतले पेडगाव श्रीगोंद्याच्या बाजूचे, भीमेकाठचे, असे सांगतात. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले, परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. तरी आजच्या विषयाला ही म्हण चपखल बसते. कायदेशीर परवान्याचे पिस्तूल कमरेला झाकून ठेवलेला मनुष्य मोटारीतून चालला आहे आणि नाकाबंदीवरच्या शिपायाने हात दाखवून गाडी थांबविली आहे, अशी कल्पना करा. त्या क्षणी गाडीतल्याला वाटते, शस्त्राचा विषयच काढू नये. शिपायाला वाटते, कायद्याच्या कलमाचा विषयच काढू नये. दोघांनाही वेड पांघरावेसे वाटते, आणि दोघांनाही ते महागात पडू शकते.

कोणी विचारील, या सभामंडपात पिस्तूल बाळगणारे असे किती असतील? फार थोडे. मग एक संध्याकाळ या विषयाला का द्यावी? आमचे उत्तर असे की, सरकार आपल्या प्रजेला काय समजते हे दरबारात कळत नाही, नाक्यावर कळते. शस्त्रधारी माणसाला रस्त्यात थांबवून कोणता प्रश्न पहिल्याने विचारला जातो, यावरून राज्याची जात ओळखावी. ‘तू कोण?’ हा पहिला प्रश्न असेल तर ते राज्य एक प्रकारचे. ‘तुझा कागद कोठे आहे?’ हा असेल तर दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंत येण्यास आपल्याला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

प्रारंभ १८७८ सालापासून करावा लागतो. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले, दुसऱ्याने लोकांच्या हातांना. पैकी वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र राहिला, आणि इंग्रज गेल्यावरही काही वर्षे राहिला. परवान्यावाचून शस्त्र बाळगू नये एवढेच त्यात असते तर फारशी तक्रार झाली नसती. खरी मेख सवलतींत होती. नियमांनी युरोपियनांना परवान्याच्या कटकटीतून मोकळे ठेवले होते, आणि रानडुकरांपासून ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या. रस्त्यात थांबविणाऱ्याची नजर म्हणून आधी कातडीवर जाई, कागदावर नंतर. हा वर्णभेद नियमांतून निघायला पहिले महायुद्ध संपावे लागले.

राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. पुढे जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर होता, शेतसारा होता, आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत, त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, हीही मागणी होती. येथे शब्द नीट पाहावेत. शस्त्रे सर्रास मोकळी करा असे त्यांनी म्हटले नाही. परवाना असू द्या, पण तो देणारा हात लोकांना जबाबदार असू द्या, असे म्हटले.

आमचा परभणी जिल्हा मात्र इंग्रजी मुलखात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. मालावर जकात बसे आणि माणसांच्या गाठोड्यांची झडती होई. नाक्यावर थांबणे हा प्रकार आमच्या वाडवडिलांच्या अंगवळणी पडलेला होता. पण १९४७-४८ साली त्याला निराळेच रूप आले. लातूरला वकिली केलेले कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची सशस्त्र संघटना फोफावली. त्यांच्या शस्त्रांना परवाना कोण विचारणार? दरबाराचा कानाडोळा हाच त्यांचा परवाना होता. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्थानकावर आगगाडीतील उतारूंवर हल्ला झाला आणि त्याचे पडसाद देशभर उमटले. उलट बाजूस स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते वऱ्हाड, नगर, सोलापूर या सरहद्दींवरच्या तळांतून काम करीत होते आणि त्यांतले काही लपवून शस्त्रे आणीत होते. संस्थानच्या कायद्याने ते गुन्हेगार होते. लोकांच्या लेखी ते मुक्तिसैनिक होते. कायदा एका बाजूला आणि लोकांची मान्यता दुसऱ्या बाजूला अशी फारकत झाली की नाक्यावरचा कागद निरर्थक होतो, हे आमच्या भागाने त्या तेरा महिन्यांत अनुभवले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. तो दिवस आम्ही मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. पण इतिहास सांगावयाचा तर पुढचे पानही उलटले पाहिजे. त्या विजयानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे तिने नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. काल ज्यांच्या हाती शस्त्र होते त्यांच्या नावाने आज निःशस्त्र शेजारी मारले गेले. ‘तू कोण?’ हा प्रश्न पहिला ठरला की तो विचारणारा बदलतो, प्रश्न बदलत नाही.

हे सारे ताजे असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, दिल्लीत घटना समितीपुढे नागरिकांच्या स्वातंत्र्यांचे कलम चर्चेला आले. शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना हरि विष्णु कामथ यांनी मांडली. पारतंत्र्यात जी मागणी आपण सर्वांनी केली ती स्वराज्यात का सोडावी, हा प्रश्न रास्तच होता. परंतु डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि समितीने ती स्वीकारली नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात सभेचा हक्क आला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ या शब्दांसह. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा अपवाद आला. पेडगावहून गाडीत बसून नांदेडला गेले की हा अपवाद सचखंड गुरुद्वाराच्या दारात रोज पाहावयास मिळतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तात्पर्य, स्वतंत्र भारतात शस्त्र हा हक्क राहिला नाही. ती सरकारने कारण पाहून द्यावयाची परवानगी झाली.

ती परवानगी कशी द्यावी आणि कशी तपासावी हे १९५९ च्या शस्त्र कायद्याने ठरविले. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. तोपर्यंत आमचा मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला होता. म्हणजे पेडगावच्या शेतकऱ्याला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला शस्त्रांचा एकच कायदा लागू झाला. या कायद्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक शिपायाने आणि प्रत्येक परवानेधारकाने पाठ करावे असे आहे. त्यात पायऱ्या आहेत. पहिली पायरी: शस्त्र नेणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. दुसरी: परवाना दाखविला नाही किंवा परवान्याविना शस्त्र नेण्याचा अधिकार सिद्ध केला नाही, तर नाव आणि पत्ता विचारता येतो, आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करता येते. तिसरी: नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला, खोटा सांगितल्याचा संशय आला किंवा पळून जाण्याचा संशय आला, तर वॉरंटाशिवाय अटक करता येते. अटक शेवटच्या पायरीवर आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला प्रश्न कागदाचा आहे. धर्माचा, जातीचा, कपड्यांचा नाही.

मात्र परवाना म्हणजे सर्व दारे उघडणारी किल्ली नव्हे. विसाव्या कलमाप्रमाणे शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात आहे असा सबळ संशय येण्याजोगी परिस्थिती असेल, तर परवाना असो वा नसो, अटक करता येते. आणि हा अधिकार केवळ पोलिसांना नाही. रेल्वेत आणि इतर वाहनांवर काम करणाऱ्या नोकरांनाही तो दिला आहे. आमच्या रेल्वे आणि एस. टी. कामगार बंधूंपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? तेविसाव्या कलमाने वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकारही दिला आहे. याशिवाय १९५१ च्या पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली मनाईहुकूम निघतात, निवडणुकीच्या काळात छाननी होऊन शस्त्रे जमा करावी लागतात, आणि परवाना ज्या क्षेत्रापुरता असेल त्या क्षेत्राबाहेर तो चालत नाही. करोडगिरीचे नाके गेले, पण केवळ महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन हैदराबादला निघालेल्याला राज्याची सरहद्द आडवी येते.

शस्त्र उघडे न्यावे की झाकून, हाही प्रश्न आहे. कित्येक देशांत झाकून नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक वा पिस्तूल योग्य आवरणात, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. ते परजून दाखविणे निषिद्ध आहे. वरातीत बार काढण्याच्या हौसेला तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणजे कायद्याने वागणाऱ्याचे शस्त्र दिसतच नाही. याचमुळे नाक्यावरचा प्रसंग नाजूक होतो: शिपायाला जे दिसत नाही ते गाडीतल्याला ठाऊक असते.

या नाजूक जागी काय घडू शकते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील या बत्तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय गृहस्थाची मोटार पोलिसाने थांबविली. तो शाळेच्या भोजनगृहात काम करीत असे आणि टीमस्टर्स या कामगार संघटनेचा सभासद होता. त्याच्यापाशी शस्त्राचा रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने सभ्यपणे, आपण होऊन सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि तो मरण पावला. पुढल्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. त्या देशात शस्त्र हा घटनेने दिलेला हक्क आहे. पण हक्क कागदावर, परवाना खिशात आणि सत्य ओठांवर असूनही तो वाचला नाही. कारण नाक्यावर ‘कागद कोठे?’ याच्या आधी ‘तू कोण?’ हा प्रश्न भीतीच्या रूपाने उभा राहिला. त्याच्या मृत्यूने आम्हाला आमच्या १८७८ ची आणि १९४८ ची आठवण होते.

आता आमच्या कामगारांविषयी. आपल्या शहरांत कायदेशीर बंदूक घेऊन हिंडणारा माणूस बहुधा धनिक नसतो. तो धनिकाचा राखणदार असतो. बँकेच्या दारात, पैशांच्या गाडीत बसलेला निवृत्त सैनिक पुष्कळदा स्वतःच्या नावाची बारा बोअरची बंदूक घेऊन नोकरीला लागतो. किंबहुना त्या परवान्यामुळेच त्याला नोकरी मिळते. परवाना त्याचा, जबाबदारी त्याची, नफा मालकाचा. मूळ परवाना ‘सुरक्षित राहावा’ म्हणून मालकाने कपाटात ठेवून घेतला आणि रखवालदाराच्या हाती नुसती नक्कल दिली, असे प्रकार आम्ही संघटनेच्या कामात पाहिले आहेत. रात्रपाळी संपवून घरी निघालेला हा मनुष्य नाक्यावर थांबविला गेला, म्हणजे एकोणिसाव्या कलमाची दुसरी पायरी त्याच्या नशिबी येते: शस्त्र जप्त, आणि शस्त्राबरोबर नोकरी. महाराष्ट्राने सुरक्षारक्षकांच्या कल्याणासाठी १९८१ मध्ये कायदा केला, केंद्राने खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ मध्ये केला. पण ज्याच्या नावाचा परवाना त्याच्याच खिशात राहिला पाहिजे, ही साधी गोष्ट मालकांच्या गळी उतरविण्याचे काम संघटनेलाच करावे लागते.

म्हणून परवानेधारकांना आमचे सांगणे थोडके आहे. गाडी थांबविली की हात दिसतील असे ठेवावेत. वाहतुकीचा शिपाई वाहनाचा परवाना मागेल, तो द्यावा. कमरेकडे हात नेण्यापूर्वी, शस्त्र आहे आणि त्याचा परवाना अमुक खिशात आहे, हे तोंडाने सांगावे. शस्त्र काढून दाखवू नये, कागद दाखवावा. आणि पोलीस बंधूंना, जे आमच्यासारखेच पगारावर जगणारे आहेत, सांगणे त्याहून थोडके आहे: पायऱ्या चढाव्यात, उड्या मारू नयेत. आधी परवाना मागावा. समोरच्याचे नाव ऐकून, दाढी पाहून किंवा कपडे पाहून संशय ठरवू नये. संशय परिस्थितीवरून येतो, माणसाच्या जातकुळीवरून नव्हे, असेच कायद्याचे शब्द आहेत.

लिटनच्या राज्यात कातडी पाहून वाट मिळे. १९४८ साली आमच्या भागात कोणत्या बाजूचा माणूस आहे ते पाहून जीव राही किंवा जाई. आज कागद पाहून वाट मिळावी असे ठरले आहे. तो ठराव दिल्लीत झाला खरा, पण त्याची परीक्षा रोज रात्री परभणी-मानवतच्या रस्त्यावर, विजेरीच्या उजेडात, दोन माणसांमध्ये होते. त्या दोघांपैकी कोणीही वेड पांघरू नये. पेडगावला जायचे ते सरळ रस्त्याने जावे.