'मोअर बेटर' चुकीचं कधी झालं?

मीटिंगमध्ये कुणी 'धिस डिझाइन इज मोअर बेटर' म्हणालं की दोन-तीन जण गालातल्या गालात हसतात. बोलणारा बऱ्याचदा मराठी माध्यमातून आलेला असतो. मुद्दा बरोबर असला तरी तो पुढे गप्प बसतो. मला नेहमी प्रश्न पडायचा, ही चूक 'चूक' म्हणून ठरवली कोणी? या वीकेंडला जरा खोदकाम केलं, आणि प्रकरण मजेदार निघालं.

जुन्या इंग्रजीत तुलना प्रत्यय लावूनच व्हायची. आजचे 'अर' आणि 'एस्ट' तिथूनच आले. हा 'एस्ट' आपल्याला परका नाही बरं का! ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'इष्ठ' त्याचा चुलतभाऊ. दोघंही एकाच इंडो-युरोपियन घराण्यातले. शब्दाआधी 'मोअर' आणि 'मोस्ट' लावायची पद्धत मात्र तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागली. मग जोर द्यायचा असला की लोक दोन्ही एकदम वापरायला लागले.

आणि हे लोक काही अडाणी नव्हते. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या प्रसिद्ध भाषणात 'मोस्ट'ही आहे आणि त्याच शब्दाला 'एस्ट'ही. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही असा डबल प्रयोग सापडतो.

मग आलं अठरावं शतक. लॅटिनच्या शिस्तीत वाढलेल्या विद्वानांना इंग्रजीला वळण लावायचं होतं. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरणाचं छोटं पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता. त्यात त्याने डबल तुलना अयोग्य ठरवली. गंमत म्हणजे जुन्या स्तोत्रांतलं 'मोस्ट हायेस्ट' त्याने चालवून घेतलं, कारण ते देवाबद्दल होतं! पुढे लाउथ लंडनचा बिशप झाला आणि शाळेच्या पुस्तकांतून नियम पक्का होत गेला.

पण भाषा कुठली ऐकतेय? 'लेस' हा आधीच कम्पॅरेटिव्ह, त्याला पुन्हा 'अर' लावून झालेला 'लेसर' लाउथला रानटी वाटायचा. तो आजही प्रतिष्ठित आहे. 'निअर' हा तर मुळात 'नाय' या जुन्या शब्दाचा कम्पॅरेटिव्ह. म्हणजे 'निअरर' म्हणणारा प्रत्येक जण डबल तुलनाच करतोय.

आता आपल्याकडे बघू. मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. सगळं काम 'पेक्षा' करतं. 'हे त्यापेक्षा जास्त चांगलं' हे आपलं सरळ वाक्य. त्यातल्या 'जास्त'चा 'मोअर' होतो आणि 'चांगलं'चा, शाळेत घोकल्याप्रमाणे, 'बेटर'. म्हणजे 'मोअर बेटर' म्हणणारा माणूस ढ नसतो, तो मराठीशी प्रामाणिक असतो इतकंच. आणि 'श्रेष्ठ' आधीच सुपरलेटिव्ह असताना 'श्रेष्ठतम' म्हणणं तर वैदिक काळापासून चालू आहे. त्याला कोणी हसत नाही.

मग नियम पाळायचा का? पाळायचा. हे कोडिंग स्टँडर्डसारखं आहे. टॅब वापरा नाहीतर स्पेस, बहुतेक भाषांत प्रोग्रॅम चालतोच. पण टीमने एक ठरवलंय, तर आपणही तसंच लिहायचं. क्लायंटच्या मेलमध्ये 'बेटर'च लिहा. फक्त स्टँडर्ड मोडणाऱ्याची अक्कल त्यावरून मोजू नका.

आणि जोर द्यायचाच असेल तर 'मच बेटर' किंवा 'फार बेटर' म्हणा. हा इंग्रजी 'फार' वेगळ्या घरातला, पण काम अगदी आपल्या 'फार'चंच करतो. लक्षात ठेवायला फार सोपं!