कोळशाचा अस्त आणि कामगारसंघ

एखादा मोठा धंदा बुडाला म्हणजे त्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावयाचें याविषयीं वाद माजतो. मालक म्हणतात, मजुरांच्या संघांनीं संपावर संप करून धंदा बुडविला. मजूर म्हणतात, मालकांच्या लोभानें व सरकारच्या आकसानें तो बुडाला. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींविषयीं हा वाद आज कित्येक वर्षें चालू आहे. ज्या खाणींच्या जोरावर त्या देशानें यंत्रयुग उभारलें आणि आगबोटी जगभर फिरविल्या, त्यांपैकीं शेवटची खोल खाण, यॉर्कशायरमधील केलिंग्ली येथील, १८ डिसेंबर २०१५ रोजीं बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २१ डिसेंबर २०१८ रोजीं, जर्मनींतील दगडी कोळशाची शेवटची खाण बोट्रॉप या गांवीं बंद झाली. एका देशांत कामगारसंघानें सरकारशीं उघड युद्ध केलें. दुसऱ्या देशांत तो कारभारांतला भागीदार होता. शेवट मात्र दोन्हीकडे एकच झाला. मग कामगारसंघ कसा वागला यानें कांहींच फरक पडला नाहीं काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९१३ हें वर्ष ब्रिटनमधील या धंद्याच्या भरभराटीचें शिखर होय. त्या वर्षीं सुमारें २८ कोटि ७० लक्ष टन कोळसा निघाला व अकरा लाखांच्या आसपास माणसें या कामावर होतीं. ज्यांना मुंबईचें गिरणगांव ठाऊक आहे त्यांना तेथील खाणगांवांची कल्पना सहज येईल. गिरणीच्या भोंग्यावर जसा चाळींचा दिवस चाले, तसाच तेथें खाणीच्या चाकावर सगळ्या गांवाचा दिवस चाले. प्रार्थनामंदिर, वाचनालय, बँड, क्रिकेटचा संघ, सगळें खाणीच्या आधारानें उभें. बाप खाणींत उतरे, आणि मुलगाही वयांत येण्यापूर्वींच त्याच्या मागोमाग उतरे. जमिनीखालीं छत कोसळलें तर शेजाऱ्यानेंच शेजाऱ्यास उपसून काढावयाचें. अशा जीवनांतून जी एकजूट जन्मास आली तिच्यावरच कामगारसंघाची इमारत उभी होती.

१९२६ सालीं मालकांनीं मजुरी कमी करून कामाचे तास वाढविण्याचा घाट घातला, व ती गोष्ट न मानणाऱ्या मजुरांस खाणीबाहेर ठेवून दारें लावून घेतलीं. इतर धंद्यांतील कामगारांनीं त्यांच्यासाठीं नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप केला. तो मोडल्यावरही खाणमजूर कित्येक महिने एकटे झुंजले आणि अखेर उपासमारीनें हरून, कमी मजुरीवर व अधिक तासांवर कामास गेले. हा घाव त्या गांवांच्या स्मृतींतून कधींच पुसला गेला नाहीं. म्हणून १ जानेवारी १९४७ रोजीं मजूर पक्षाच्या सरकारनें खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, आणि त्या आतां जनतेच्या वतीनें चालविल्या जात असल्याच्या पाट्या खाणीखाणींवर लागल्या, तेव्हां आपलें राज्य आलें असें मजुरांस वाटलें.

परंतु मालक बदलला म्हणून काळ थांबत नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर धुरानें भरलेलें दाट धुकें पसरून हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरोघरच्या शेगडींतून कोळसा हळूहळू हद्दपार झाला. स्वस्त खनिज तेल आलें. १९६८ पर्यंत रेल्वेवरून वाफेचीं इंजिनें गेलीं. उत्तर समुद्रांतील नैसर्गिक वायु घरांत आला. १९५७ सालीं सात लाखांच्या घरांत असलेली मजुरांची संख्या १९७० च्या सुमारास तीन लाखांच्या आंत आली. शेंकडों खाणी मिटल्या. यांतील बराच काळ कोळसा मंडळाचे अध्यक्ष असलेले लॉर्ड रोबेन्स हे पूर्वीं मजूर पक्षाचेच मंत्री होते. आणि विशेष हें कीं, १९२६ पासून १९७२ पर्यंत खाणमजुरांनीं एकही देशव्यापी संप केला नाहीं. दुसरीकडे काम मिळत होतें, शेजारच्या खाणींत बदली होत होती. म्हणून संघानें हा ऱ्हास मुकाट्यानें सोसला. संपांनीं धंदा बुडविला असें म्हणणारांनीं हीं वर्षें विसरून चालणार नाहीं. सर्वांत मोठी घसरण झाली ती संपाच्या धामधुमींत नव्हे, तर शांततेच्या काळांत.

या सहनशीलतेचें फळ काय मिळालें? इतर धंद्यांच्या मानानें खाणींतील मजुरी मागें पडली. ९ जानेवारी १९७२ रोजीं संप सुरू झाला. १० फेब्रुवारी रोजीं बर्मिंगहॅममधील सॉल्टली येथें कोकच्या कोठारासमोर खाणमजुरांच्या मदतीस हजारों कारखाना-कामगार काम सोडून चालत आले, व पोलिसांस कोठाराचे दरवाजे बंद करवावे लागले. सरकारनें चौकशी-समिति नेमली आणि मजुरांना भरघोस वाढ मिळाली. पुढें अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आखडला असतां पुन्हा झगडा पेटला. कोळसा पुरावा म्हणून जानेवारी १९७४ पासून बहुतेक कारखान्यांना आठवड्यांतून तीनच दिवस वीज मिळूं लागली. राज्य कोणाचें, सरकारचें कीं संघाचें, असा प्रश्न मुख्य प्रधान मि. हीथ यांनीं मतदारांपुढें टाकला, आणि त्यांची सत्ता गेली.

या प्रसंगापासून दोन्ही पक्ष निरनिराळे धडे शिकले. संघांतील तरुण पुढाऱ्यांस वाटलें कीं, संख्येच्या बळावर कोणतेंही कोठार बंद पाडतां येतें. हुजूर पक्षानें ओळखलें कीं, पुढची लढाई कोठारें भरल्यावांचून करावयाची नाहीं. इकडे संघाच्या भिंतीसही एक बारीक तडा जात होता. १९६६ च्या करारानें देशभर सारखी मजुरी देण्याचें तत्त्व मान्य झालें होतें. १९७७ सालीं जादा उत्पादनास जादा वेतन देण्याची योजना पुढें आली. देशव्यापी मतदानांत ती नाकारली गेली, तरीही विभागांना ती घेण्याची मोकळीक देण्यांत आली. नॉटिंगहॅमशायरमध्यें कोळशाचे थर जाड व यंत्रें नवीं. तेथील मजुरांची कमाई वाढली. वेल्सच्या किंवा स्कॉटलंडच्या जुन्या खाणींतील मजूर मागें राहिला. एकाच संघांत सुरक्षित आणि असुरक्षित असे दोन वर्ग पडूं लागले.

१९७९ सालीं श्रीमती थॅचर सत्तेवर आल्या. १९८१ मध्यें संपाच्या नुसत्या धास्तीनें त्यांनीं खाणी बंद करण्याचा बेत मागें घेतला. पण ती माघार तयारीसाठीं होती. वीजकेंद्रांपाशीं कोळशाचे डोंगर उभे राहिले. संपाचें क्षेत्र व पिकेटिंग यांवर बंधनें घालणारे कायदे झाले. पोलाद धंद्यांत मोठी नोकरकपात करून आलेले मि. मॅकग्रेगर यांची १९८३ मध्यें कोळसा मंडळावर नेमणूक झाली. ६ मार्च १९८४ रोजीं मंडळानें वर्षभरांत सुमारें वीस खाणी व वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचें जाहीर केलें. संघाचे अध्यक्ष मि. आर्थर स्कारगिल म्हणत होते कीं, खरा बेत सत्तरांहून अधिक खाणी बंद करण्याचा आहे. सरकारनें तें खोटें ठरविलें. परंतु २०१४ सालीं खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांत असें आढळलें कीं, १९८३ च्या सप्टेंबरांतच ७५ खाणी बंद करण्याचा विचार मुख्य प्रधानांपुढें मांडला गेला होता. संकट ओळखण्यांत स्कारगिल चुकले नव्हते.

ते चुकले तें दुसऱ्या ठिकाणीं. देशव्यापी संपासाठीं सर्व सभासदांचें गुप्त मतदान घ्यावें असा संघाचा नियम होता. १९८२ व १९८३ सालीं घेतलेल्या मतदानांत सभासदांनीं संपास नकार दिला होता. या खेपेस मतदान न घेतां विभागवार संप पुकारण्याची वाट धरली गेली, आणि १९ एप्रिलच्या प्रतिनिधिसभेनें मतदानाची मागणी फेटाळली. यामागें केवळ हट्ट नव्हता. ज्याची खाण सुरक्षित आहे त्यानें मत टाकून दुसऱ्याची भाकर काढून घ्यावी हा कोठला न्याय, असा पुढाऱ्यांचा सवाल होता, आणि तो पोकळ म्हणतां येणार नाहीं. पण नॉटिंगहॅमशायरच्या मजुरांचाही एक सवाल होता: आम्हांस न विचारतां आम्हांस संपावर नेणारे तुम्ही कोण? त्या विभागानें स्वतः मतदान घेतलें, संपास नकार दिला व काम चालू ठेवलें. जो संघ शेजाऱ्याच्या विश्वासावर उभा होता, त्याचे सभासद आतां खाणीच्या फाटकाशीं एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

१८ जून १९८४ रोजीं ऑर्ग्रीव्ह येथील कोकच्या कारखान्यासमोर हजारों संपवाले व हजारों पोलीस यांची गांठ पडली. सॉल्टलीची पुनरावृत्ति झाली नाहीं. घोडेस्वार पोलिसांनीं जमाव उधळून लावला. ९५ जणांवर खटले भरले गेले, पण पुढील वर्षीं ते न्यायालयांत कोसळले. गांवागांवांतील स्त्रियांनीं सामुदायिक स्वयंपाकघरें उघडलीं व वर्षभर अन्न पुरविलें. हिवाळा सरला, तरी देशांतले दिवे विझले नाहींत. ३ मार्च १९८५ रोजीं प्रतिनिधिसभेनें ९८ विरुद्ध ९१ मतांनीं, कोणताही करार हातीं नसतां, कामावर परतण्याचें ठरविलें. दोन दिवसांनीं अनेक खाणगांवांतील मजूर निशाणें उभारून, बँड वाजवीत खाणीकडे गेले.

काम चालू ठेवणाऱ्यांचें तरी भलें झालें काय? त्यांनीं १९८५ सालीं वेगळा संघ काढला. १३ ऑक्टोबर १९९२ रोजीं उरलेल्या ५० खाणींपैकीं ३१ बंद करण्याची घोषणा झाली, आणि त्या यादींत नॉटिंगहॅमशायरच्या खाणीही होत्या. १९९४ च्या अखेरीस शिल्लक खाणी खाजगी मालकांस विकण्यांत आल्या. संप करणारा आणि न करणारा, दोघेही अखेर एकाच रांगेंत येऊन बसले.

आतां जर्मनीकडे पाहावें. पश्चिम जर्मनींतही १९५७ च्या सुमारास सहा लाखांच्या आसपास माणसें दगडी कोळशाच्या धंद्यांत होतीं, आणि १९५८ पासून तेथेंही तेलानें कोळशास मागें लोटलें. परंतु तेथील संघांच्या हातीं एक निराळें साधन होतें. १९५१ च्या प्रारंभीं खाणकामगारांचें मतदान होऊन नव्वद टक्क्यांहून अधिकांनीं संपास संमति दिली होती. तो संप करावाच लागला नाहीं. त्याच वर्षीं कायदा होऊन कोळसा व पोलाद यांच्या कंपन्यांच्या देखरेख-मंडळांवर कामगारांना भागधारकांच्या बरोबरीनें जागा मिळाल्या. तेथील मजूर गप्प बसले होते असें नव्हे. १९५९ च्या सप्टेंबरांत सुमारें साठ हजार खाणमजूर काळे झेंडे घेऊन राजधानी बॉन येथें गेले. १९९७ सालीं रूर प्रदेशांत माणसांची मैलोगणती साखळी उभी राहिली. पण चळवळ झाली कीं संघ पुन्हा बैठकीस बसे. १९६८ सालीं रूरमधील बहुतेक खाणी एका कंपनींत एकत्र आल्या. कोणत्याही खाणमजुरास बेकारीच्या खाईंत लोटावयाचें नाहीं, हें सूत्र ठरलें. बदली, नवें शिक्षण व मुदतपूर्व निवृत्ति या मार्गांनीं संख्या घटविली गेली. बोखुम येथें १९६५ सालीं विद्यापीठ सुरू झालें. २००७ मध्यें शेवटचें वर्ष ठरलें, आणि अकरा वर्षांनीं शेवटचा ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हातीं देऊन खाण मिटली.

ही वाट फुकटची नव्हती. जर्मन जनतेनें अनेक दशकें वीजबिलांतून व करांतून तिची किंमत मोजली, आणि एवढें करूनही रूरमधील बेकारी इतर प्रांतांहून अधिकच राहिली. पण ब्रिटननेंही किंमत मोजलीच. ती बेकारभत्त्यांत, आजाऱ्यांच्या वेतनांत आणि ओस पडलेल्या गल्ल्यांत मोजली. आणि तिचा मोठा भाग खाणगांवांनीं एकट्यानें उचलला. तेथें ज्या भावांनीं त्या वर्षीं वेगवेगळी वाट धरली, त्यांपैकीं कित्येकांचा अबोला मरेपर्यंत सुटला नाहीं.

तेव्हां सुरुवातीच्या प्रश्नाचें उत्तर असें दिसतें: कोळशाचा अस्त संघांनीं घडविला नाहीं, व तो थांबविणें त्यांच्या हातींही नव्हतें. त्या अस्ताचा भार कोणीं व किती वर्षांत उचलावयाचा, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. आणि ही गोष्ट लहान नव्हे. त्यासाठीं जेथें निर्णय होतात त्या बैठकींत जागा हवी, आणि पाठीशीं सभासदांची स्वतःच्या हातानें दिलेली संमति हवी. जर्मनींत संघापाशीं दोन्ही होतीं. ब्रिटनमध्यें सरकारनें पहिली दिली नाहीं, आणि संघानें दुसरी मागितली नाहीं. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं ब्रिटनमधील कोळशावर चालणारें शेवटचें वीजकेंद्र बंद झालें. तें नॉटिंगहॅमशायरमध्येंच होतें.