जांभळ्या पटलातला पंप आणि न सापडलेला पदार्थ

आज ज्या पंपाबद्दल बोलायचं आहे तो एका सूक्ष्मजीवाच्या पेशीच्या पटलात बसलेला आहे आणि एकाच प्रथिनाचा बनलेला आहे. नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. नाव अवघड, काम सोपं: उजेड पडला की आतला एक प्रोटॉन बाहेर टाकायचा. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्यात रस असण्याचं कारण म्हणजे या पंपाने एका जुन्या वादाचा कस लावला.

वाद असा. पेशी अन्न जाळते, हिरवं पान ऊन घेतं, आणि त्या ऊर्जेतून एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं नाणं. पण मधल्या टप्प्यात ही ऊर्जा असते कुठे? 1953 साली ई. सी. स्लेटर यांनी म्हटलं, मध्ये ऊर्जा धरून ठेवणारा एखादा रासायनिक पदार्थ असला पाहिजे. तर्क रास्त होता. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्या पदार्थाच्या मागे लागल्या, आणि तो काही सापडेना.

आता, सापडला नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येतं का? आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी नाही. पण एक अट दोघांच्याही विचारात आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. पेशीच्या पटलात शेकडो प्रथिनं दाटीवाटीने बसलेली असतात. तिथे अंधारच होता म्हणा ना.

1961 साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रश्नच वेगळा मांडला. बॅक्टेरियाच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ते म्हणाले, मध्ये पदार्थ नाहीच. मध्ये आहे तो फरक. पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात, दुसऱ्या बाजूला कमी असतात, आणि परत येताना ते एटीपी घडवतात. धरणाच्या पाण्यावर वीज काढावी तसं. म्हणजे शोध वस्तूचा चालला होता आणि उत्तर संबंधात होतं! 1966 साली यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी हरितलवकातली पटलं आधी आम्लात बुडवून मग एकदम अल्कलीत टाकली, आणि अंधारातही एटीपी तयार झालं. तरी विरोधकांना म्हणायला जागा होती: त्या पटलात तुमचे प्रोटॉन असतील, पण आमचा पदार्थही तिथेच लपला असेल.

इथे आपला पंप येतो. मिठागरातलं पाणी आटून दाट झालं की काही ठिकाणी लालसर होतं, ते अशाच मीठप्रेमी जीवांमुळे. त्यांपैकी एकाच्या पटलात जांभळे तुकडे असतात. सॅन फ्रान्सिस्कोत वाल्टर स्टोकेनियस आणि डीटर ओस्टरहेल्ट यांनी 1971 साली दाखवलं की या तुकड्यांत प्रथिन एकच आहे, आणि त्याला रेटिनल जोडलेलं आहे, जे आपल्या डोळ्यातही उजेड टिपतं.

मग 1974 साली स्टोकेनियस आणि एफ्रेम रॅकर यांनी जो प्रयोग केला तो आम्हाला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. सोयाबीनमधल्या स्निग्ध द्रव्याचे बारीक फुगे केले. त्यांत मीठप्रेमी जीवाचा जांभळा पंप बसवला आणि बैलाच्या हृदयातून काढलेलं, एटीपी बनवणारं प्रथिन बसवलं. उजेड टाकला. एटीपी तयार झालं! (पंप फुग्यात उलटा बसला होता, प्रोटॉन आत ओढत होता, पण त्यामुळे काही अडलं नाही.) सोयाबीन, बैल आणि मिठातला जीव यांचा तसा एकमेकांशी संबंध काय? या तिघांत समाईक असा गुप्त पदार्थ कुठून येणार? लपायला कोपराच उरला नाही. घड्याच्या जागी उजेड पडला तो असा.

पंपाची रचनाही लवकरच हाती आली. केंब्रिजला रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी 1975 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं की प्रथिनाची साखळी पटलाच्या आरपार सात वेळा जाते, सात खांब उभे केल्यासारखी. 1979 साली हरगोविंद खुराना यांच्या आणि मॉस्कोत ओव्हचिनिकोव्ह यांच्या गटाने तिच्यातल्या 248 अमिनो आम्लांचा क्रम लावला. खांबांच्या मधोमध रेटिनल आडवं असतं. उजेड लागला की ते वाकतं आणि आपल्याजवळचा प्रोटॉन बाहेरच्या बाजूच्या एका आम्लाला देतं. मग आतल्या बाजूचं दुसरं आम्ल त्याची भरपाई करतं, आणि रेटिनल पुन्हा सरळ होतं. फेरी साधारण 10 मिलिसेकंदांची. महत्त्वाचं हे की बाहेर देणं आणि आतून घेणं एकाच वेळी होत नाही. दोन्ही दारं एकदम उघडली तर तो पंप राहणार नाही, नुसतं भोक होईल.

वाद मिटला का? 1977 साली बॉयर, चान्स, एर्न्स्टर, मिचेल, रॅकर आणि स्लेटर या सहा जणांनी मिळून एक लेख छापला, त्यात प्रत्येकाचा भाग मात्र वेगळा! पुढच्याच वर्षी मिचेल यांना नोबेल मिळालं. जुन्या विरोधकांचं मत बदलत नाही, ते मरतात आणि मग नवा विचार रुजतो, असं माक्स प्लांक म्हणत. मिचेल यांनी त्या वेळी हे आठवून सांगितलं की आपल्या विरोधकांनी प्लांकला खोटं ठरवलं.

नावाचं एक राहिलं. 1977 सालीच कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांच्या कामातून कळू लागलं की हे मीठप्रेमी जीव बॅक्टेरिया नव्हेतच, वेगळ्या कुळाचे आहेत; त्यांना आता आर्किया म्हणतात. पंपाच्या नावातला 'बॅक्टेरिओ' तेवढा चिकटून राहिला. पुढे 2000 साली समुद्रातल्या खऱ्याखुऱ्या बॅक्टेरियांत याच घडणीचा प्रोटॉन-पंप सापडला, आणि 2013 साली जपानी संशोधकांनी एका सागरी बॅक्टेरियात त्याचा असा भाऊबंद दाखवला की जो त्याच सात खांबांतून सोडियम बाहेर टाकतो.