पटावर न मांडलेले मोहरे

लखनौच्या महानगर या वस्तीतून निघून गोमतीचा पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर सिकंदरबाग लागते. नवाब वाजिदअली शाहाने हौसेने उठविलेल्या या बागेत 16 नोव्हेंबर 1857 रोजी सुमारे दोन हजार हिंदी शिपाई धारातीर्थी पडले. तटाला पडलेल्या खिंडारातून आत घुसणाऱ्यांत 93 वी हायलंडर पलटण होती आणि सेनापती होता सर कॉलिन कॅम्बेल. तीन वर्षांपूर्वी, 25 ऑक्टोबर 1854 रोजी, याच कॅम्बेलच्या हुकमतीखाली याच पलटणीने क्रिमियात बालाक्लाव्हापाशी रशियन घोडदळ थोपविले होते. रशियाच्या युद्धांशी लखनौचा काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याला ही बाग दाखवावी.

श्रोतेहो, लखनौ हे शहर युद्धापेक्षा युद्धाच्या खेळासाठी अधिक प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी 1856 मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले, त्या वेळी पटावर मान घालून बसलेल्या दोन रईसांची गोष्ट प्रेमचंदांनी 1924 मध्ये लिहिली. त्यांचा लाकडी राजा सुरक्षित होता आणि हाडामांसाचा राजा कैद होत होता. बुद्धिबळाचे हे व्यंग पुरातन आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे मांडून आपल्या पूर्वजांनी चतुरंग रचला खरा. परंतु त्या पटावर नदी नाही, चिखल नाही, हिवाळा नाही आणि सैनिकाला भाकरही लागत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रशियात झाला. राइसवित्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने 1812 साली आपल्या राजापुढे युद्धाचा एक नवा खेळ मांडला आणि 1824 मध्ये त्याच्या मुलाने त्याला पक्के रूप दिले. चौसष्ट घरांच्या जागी प्रत्यक्ष प्रदेशाचा नकाशा आला, दैवाच्या वाट्याला फासे आले आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसला. शत्रूचे जेवढे सैन्य दृष्टीस पडणे शक्य असेल, तेवढेच तो पटावर मांडू देई. राहिलेले मोहरे पंचाला ठाऊक असत, खेळणाराला नसत. ही विद्या पुढे युरोपातील बहुतेक सैन्यांनी उचलली. रशियानेही उचलली. पण विद्या उचलणे निराळे आणि तिचा धाक बाळगणे निराळे.

एप्रिल 1914 मध्ये कीव्ह येथे रशियन सेनानींनी असाच एक खेळ मांडला. वायव्य आघाडीची सूत्रे त्यात जनरल झिलिन्स्की याच्याकडे होती आणि ऑगस्टमध्ये खरे युद्ध पेटले तेव्हाही ती त्याच्याचकडे आली. तालीम आणि प्रयोग यांत इतके साम्य क्वचितच आढळते. परंतु त्या खेळात रसद ठरल्याप्रमाणे पोचते, असे गृहीत धरले होते. गाड्या, रस्ते, दाणावैरण यांचा विचार पटाबाहेरच राहिला. पूर्व प्रशियात सामसोनोव्हची सेना शिरली, तेव्हा तिला प्रथम गाठले ते उपासमारीने. रशियाचे लोहमार्ग रुंद आणि जर्मनीचे अरुंद असल्यामुळे सरहद्दीपलीकडे आगगाड्याही उपयोगी पडेनात. थकल्याभागल्या त्या सेनेला जर्मनांनी टॅननबर्गच्या लढाईत वेढले. सुमारे 90 हजार सैनिक कैद झाले आणि सामसोनोव्हने रानात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

सत्तावीस वर्षांनी हीच चूक निराळ्या वेषात परतली. जानेवारी 1941 मध्ये मॉस्कोत दोन मोठे युद्धखेळ झाले. पहिल्यात झुकॉव्हने पश्चिमेकडील आक्रमकाची बाजू घेतली आणि पूर्वेची बाजू जनरल पाव्हलोव्हकडे होती. झुकॉव्हच्या चातुर्याची छाप अशी पडली, की लवकरच तो लष्करप्रमुख झाला. मात्र दोन्ही खेळांचा आरंभ एका सोयीच्या क्षणापासून केला होता. शत्रू चालून आला आणि त्याला सरहद्दीकडे मागे रेटण्यात आले, हे सारे आधीच घडले आहे असे समजून डाव सुरू झाला. म्हणजे युद्धाचे पहिले दिवस कोणी खेळलेच नाहीत. 22 जून 1941 रोजी तेच दिवस साक्षात उभे राहिले. आठवडाभरात मिन्स्क पडले आणि जुलै महिन्यात पाव्हलोव्हला त्याच्याच सरकारने गोळी घातली.

पलीकडच्या बाजूलाही निराळे चित्र नव्हते. रशियावरील स्वारीची जर्मन तालीम डिसेंबर 1940 मध्ये जनरल पाउलुसने घेतली होती. अंतर अफाट आणि सैन्य तुटपुंजे ही अडचण तेव्हा पटावर दिसली, परंतु स्वारीचा बेत काही थांबला नाही. तोच पाउलुस जानेवारी 1943 च्या अखेरीस स्टालिनग्राडच्या बर्फात कैद झाला.

युद्धानंतर हे पट सामान्य घरांत आले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने 1958 मध्ये असे खेळ छापण्याची संस्था काढली आणि 1963 मध्ये तिने स्टालिनग्राडच्याच नावाचा खेळ काढला. चौकोनी घरांऐवजी मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे त्यात असतात. रशियन मोहिमांवर पुढे अनेक खेळ झाले. त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे: त्या भूमीवर खरा प्रतिस्पर्धी सैन्य नसून अंतर आणि ऋतू हे आहेत. जो खेळ चिखल आणि रसद मोजतो तो काही शिकवितो. जो मोजत नाही तो केवळ रंजवितो.

हे सांगताना मला सेनानींना हसण्याचा अधिकार नाही. सरकारी सेवेत असताना पूरनिवारणाच्या एका तालमीला मी हजर होतो. नकाशावर आमच्या सर्व नावा वेळेवर पोचल्या, कारण वाटेवरचा पूल पाण्याखाली जाईल ही शक्यता आमच्यापैकी कोणीच उच्चारली नव्हती. पावसाळ्यात पाणी आले ते प्रथम त्या पुलावर.

आता क्रिमियाकडे पुन्हा वळू. ब्रह्मावर्ताच्या नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्लाखान लंडनमध्ये पेन्शनची दाद न लागल्याने परत निघाला, तो वाट वाकडी करून 1855 मध्ये सेव्हास्तोपोलच्या वेढ्यापाशी गेला. 18 जूनचा इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला रशियनांनी नुकताच परतविला होता. वार्ताहर विल्यम रसेल याला तो तेथे भेटला. इंग्रजांना पिटाळणारे हे रशियन पाहण्याची त्याला फार उत्कंठा होती. कागदावर विश्वास न ठेवता डोळ्यांनी पाहण्यास जाणारा हा माणूस त्या सेनानींहून शहाणाच म्हटला पाहिजे. एप्रिल 1857 मध्ये नानासाहेबांबरोबर तो लखनौसही येऊन गेला. पण त्याने पाहिला तो डावाचा एक भाग. सप्टेंबर 1855 मध्ये सेव्हास्तोपोल पडले आणि तेथे हरताना दिसलेले ते सैन्य मोकळे झाले. बालाक्लाव्हाची पलटण सिकंदरबागेच्या भिंतीशी येऊन उभी राहील, हा मोहरा त्याच्या पटावर नव्हता.

म्हणून कोणताही बेत आखून झाला, की पटावर काय मांडले आहे यापेक्षा काय मांडलेले नाही हे विचारणारा एक तरी माणूस बैठकीत असावा आणि त्याचे बोलणे अप्रिय वाटले तरी त्याला शेवटपर्यंत बोलू द्यावे.