लख्ख आठवणीचा मागोवा

‘कालच घडल्यासारखं आठवतंय.’ किल्लारीच्या भूकंपाबद्दल हे वाक्य मराठवाड्यात सर्रास ऐकू येतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती आदल्याच दिवशी विसर्जित झालेले. किल्लारीप्रमाणे आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं. दगडमातीच्या भिंती, वर जड माळवद, खाली झोपलेली माणसं.

अशी आठवण इतकी लख्ख का राहते, हा प्रश्न जुना आहे. मानसशास्त्रज्ञ कोलग्रोव्ह यांनी १८९९ मध्ये छापलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या १७९ जणांना विचारलं होतं, लिंकनच्या खुनाची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात? तीसहून अधिक वर्षं उलटलेली, तरी १२७ जणांनी तपशील सांगितले. ते खरे होते का, हे ताडून पाहायला हाताशी काही नव्हतं. पुढे १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी मांडलं की धक्क्याच्या क्षणी कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा तसा प्रसंग मेंदूत छापला जातो. कल्पना देखणी होती. दहा-पंधरा वर्षांत तिला तडा गेला.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी नायसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर अचूकतेचे सातपैकी सरासरी तीनही गुण भरेनात. खात्री मात्र दांडगी! स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परतली नाही.

मग १९८९ चा कॅलिफोर्नियातला भूकंप आला. तिथं नायसर यांना उलटं आढळलं. ज्यांनी हादरा स्वतः सोसला, त्यांची आठवण दीड वर्षानंतरही जवळपास बिनचूक होती. दूर अटलांटात बातमी ऐकणाऱ्यांची ढासळली होती. नायसर यांनी याचं श्रेय भीतीपेक्षा पुन्हापुन्हा सांगण्याला दिलं. मला ते पटतं.

पण आठवणीत काय उरतं, हे त्या क्षणी लक्ष कुठे होतं यावरही ठरतं. हा लक्षाचा धागा त्याआधीचा. भावना उसळली की लक्षाचा परीघ आखडतो, असं ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये म्हटलं होतं. मधलं टिकतं, कडेचं निसटतं. आणि सास्तूरच्या माळवदाखाली, झोपेत, अंधारात, डोळ्यांना टिपायला होतं तरी काय? फ्लॅशची उपमा इथं लागूच पडत नाही.

म्हणून भूकंपाच्या आठवणी नोंदवायला सास्तूरला जाणाऱ्यांना एक विनंती. ‘काय पाहिलंत?’ एवढ्यावर थांबू नका. काय ऐकलंत, हाताला काय लागलं, हेही विचारा, आणि नोंदीवर तारीख घाला.