व्हिडिओ संपीडन

व्हिडिओ संपीडन म्हणजे चलचित्रातील पुनरावृत्त आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारी माहिती वगळून त्याच्या फाईलचा आकार कमी करण्याची प्रक्रिया होय. आंतरजालावर चित्रण अपलोड करण्यापूर्वी ते योग्य स्वरूपात रूपांतरित करताना ही प्रक्रिया वापरली जाते. प्रचलित पद्धतींपैकी बहुतेक पद्धतींत एकदा वगळलेली माहिती परत मिळवता येत नाही. त्यामुळे संपीडनानंतरही मूळ चित्रण जतन करणे आवश्यक ठरते.

गरज

१९२० × १०८० आकाराच्या एका चौकटीत २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी ३ बाइट धरल्यास एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी या वेगाने असंपीडित चित्रणाचे एक मिनिट सुमारे ९.३ गिगाबाइट जागा व्यापते. एवढी माहिती सामान्य इंटरनेट जोडणीवरून पाठवणे व्यवहार्य नसते.

इतिहास

बंगळूर येथे जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती पद्धत प्रसिद्ध केली. पुढील बहुतेक व्हिडिओ मानकांचा पाया तीच ठरली. एच.२६१ (१९८८), एमपेग-१ (१९९३), एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) ही या वाटचालीतील प्रमुख मानके होत. एच.२६४ च्या दर्जाचे चित्र साधारण निम्म्या माहितीत साठवणे हे एच.२६५ चे उद्दिष्ट होते.

कार्यपद्धती

संपीडन मुख्यतः तीन प्रकारे साधले जाते. मानवी डोळा प्रकाशातील फरक जितक्या बारकाईने टिपतो, तितक्या बारकाईने रंगातील फरक टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती कमी बिंदूंसाठी साठवली जाते. केवळ या उपायाने माहिती निम्म्यावर येऊ शकते. दुसऱ्या प्रकारात चौकटीचे लहान चौकोनी भाग पाडून त्यांतील अतिसूक्ष्म तपशील वगळला जातो. तिसऱ्या प्रकारात काही चौकटी पूर्ण साठवून उर्वरित चौकटींचा केवळ आधीच्या किंवा नंतरच्या चौकटींशी असलेला फरक नोंदवला जातो. त्यामुळे स्थिर व्यासपीठावरील व्याख्यान थोड्या माहितीत मावते, तर धबधबा, हलणारी पाने किंवा लेझीमचा खेळ यांना त्याच दर्जासाठी कितीतरी अधिक माहिती लागते. अंधारातील चित्रणात दिसणारे कण आणि कॅमेऱ्याचा कंप यांमुळेही फाईल वाढते.

फाईलचा आकार

फाईलचा आकार बिटरेट आणि कालावधी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एका मिनिटाचे चित्रण ६० मेगाबाइट, तर १० मिनिटांचे ६०० मेगाबाइट होते. चौकटीचा आकार कमी केला तरी बिटरेट तोच ठेवल्यास फाईल लहान होत नाही. तसेच एमपी४ किंवा एमकेव्ही ही केवळ वेष्टने असून आतील कोडेक न बदलता वेष्टन बदलल्याने आकारात नगण्य फरक पडतो. संपीडित व्हिडिओची झिप फाईल करूनही विशेष लाभ होत नाही.

रूपांतराची सामान्य पद्धत

एफएफएमपेग आणि हँडब्रेक ही यासाठी वापरली जाणारी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. प्रथम चित्रणातील नको असलेला भाग कापला जातो. त्यानंतर चौकटीचा आकार आणि कोडेक निश्चित केला जातो. दर्जा स्थिर ठेवायचा असल्यास ‘सीआरएफ’ हा अंक वापरतात. एक्स२६४ मध्ये त्याचे पूर्वनिर्धारित मूल्य २३ असून अंक वाढवल्यास फाईल लहान होते आणि दर्जा घटतो. फाईल ठरावीक आकारातच बसवायची असल्यास दोन फेऱ्यांचे संपीडन सोयीचे ठरते. पहिल्या फेरीत चित्रणाचा अभ्यास होतो आणि दुसऱ्या फेरीत गरजेनुसार माहितीचे वाटप होते.

जुन्या फितींवरील चित्रणाला अधिक काळजी लागते. मिनीडीव्ही फितीवरील एका तासाचे चित्रण संगणकावर उतरवल्यास सुमारे १३ गिगाबाइट होते. सेकंदाला २ मेगाबिट या दराने तेच ध्वनीसह १ गिगाबाइटहून कमी जागेत मावते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत नोंदवली जात असे. हे भाग योग्य रीतीने एकत्र न केल्यास हालचालीच्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसतात.

मर्यादा

संपीडित फाईल पुन्हा संपीडित केल्यास प्रत्येक वेळी दर्जा खालावतो. बिटरेट वाढवून गेलेला तपशील परत येत नाही, फक्त फाईल मोठी होते. यूट्यूबसारखी संकेतस्थळे आलेल्या चित्रणाचे स्वतःही पुन्हा संपीडन करतात. त्यामुळे अपलोडसाठीची प्रत अतिशय लहान केल्यास प्रेक्षकांपर्यंत दोनदा घटलेला दर्जा पोहोचतो. संकेतस्थळावरून परत उतरवलेली प्रत मूळ चित्रणाची जागा घेऊ शकत नाही. कौटुंबिक सोहळे, शालेय कार्यक्रम किंवा लोककलांचे चित्रण पुन्हा करता येत नसल्याने लहान प्रत केवळ प्रसारासाठी वापरून मूळ फाईल किमान दोन वेगळ्या ठिकाणी सांभाळणे हितावह असते.

हे सुद्धा पहा

कोडेक
बिटरेट
एफएफएमपेग