पॉलिॲनिलीन–नॅनोद्रव्य संमिश्रे
विद्युत्-रासायनिक संवेदकांत वापरली जाणारी द्रव्ये. पॉलिॲनिलीन या वाहक बहुवारिकात कार्बन नलिका, ग्राफीन किंवा सोन्याचे नॅनोकण मिसळून ती बनवतात. बहुवारिकातूनही वीज उत्तम वाहू शकते, हे शिराकावा, मॅकडायरमिड व हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलिनावर दाखवले (नोबेल, २०००). ॲनिलिनाच्या आम्लयुक्त विद्रावात विद्युत् अग्र बुडवून विभव खाली-वर फिरवला, की अग्रावर पॉलिॲनिलिनाचा हिरवा थर चढत जातो. हा हिरवेपणाच वाहकतेची खूण. अमोनिया लागताच थर निळसर होतो, रोध वाढतो आणि वायूचा सुगावा लागतो. मात्र रक्तासारख्या जवळजवळ उदासीन द्रवात पॉलिॲनिलिनाची विद्युत्-सक्रियता फार घटते. नॅनोद्रव्यांचे खरे मोल इथे कळते: ती इलेक्ट्रॉनांना वाट देतात आणि ग्लुकोज ऑक्सिडेजसारख्या एंझाइमांना बसायला भरपूर पृष्ठभाग पुरवतात.